ज्वारी लागते का

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आज्जी, मामा म्हणतो की त्याच्या बिअरची परीक्षक तू आहेस. खरं का?" मी हसून विषय बदलला. एक तर तुमच्या आजोबांची बहीण, सास्तूरच्या आक्का, शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या आणि त्यांचे कान अजून चांगले आहेत. दुसरं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच देता येत नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे, पहिल्यापासून आणि क्रमानं. शाळेत मुलांना निबंध असाच लिहायला सांगत असे.

तुमचा मामा अन्नतंत्रज्ञान शिकला आणि पुण्याजवळच्या एका लहानशा ब्रुअरीत लागला. तिथं मोठ्या कंपन्यांसारखी नाही, थोडी थोडी आणि निरनिराळ्या तऱ्हेची बिअर करतात. त्याच्या हाताला गुण आहे असं तिथले लोक म्हणायचे. आजोबा मात्र गावात कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगा सरबताच्या कंपनीत हाय." इतकी वर्षं त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की माकणीच्या बाजारात एकानं मला लिंबाच्या सरबताचा भाव विचारला होता. मामा सुट्टीला आला की बापलेक पाऊसपाण्याचं, मोटरीचं, धरणाच्या पाण्याचं बोलायचे. त्याच्या कामाचा विषय आला की आजोबा तंबाखू मळायला घ्यायचे. ते कधी रागावले नाहीत. ते रागावले असते तर मामाला सोपं गेलं असतं.

आता आंबिलीचं सांगते. तुम्ही लहान असताना एकदाच वेळ अमावास्येला इथं होता आणि त्या वेळी तुम्हाला ती आवडली नव्हती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आपल्या भागात सगळं गाव शेतात जातं. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करायची, तिच्यात लक्ष्मीची आणि पाच पांडवांच्या खड्यांची पूजा मांडायची, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी भाकरीबरोबर खायची. आणि या सगळ्यात मुख्य म्हणजे आंबील. ताक आठवडाभर साठवायचं, त्यात ज्वारीचं पीठ शिजवायचं, लसूण, आलं, मिरची घालायची आणि रात्रभर मातीच्या बिंदग्यात मुरू द्यायची. सकाळी ते बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात जायचं आणि पूजा झाली की पिकाला वेढा घालत आंबील शिंपडायची.

ती आंबील जमली की नाही हे आमच्या घरात आजोबा ठरवत. त्यांच्या आईनं ते काम त्यांना लहानपणीच दिलं होतं, कारण घरात त्यांच्याइतकी नेमकी जीभ कुणाची नव्हती. पहाटे अंघोळ करून ते चुलीपाशी यायचे. मी पळीनं थोडी आंबील त्यांच्या तळहातावर घालायची. ते आधी बघायचे, मग वास घ्यायचे, मग जिभेवर घेऊन थांबायचे. आंबटपणा पुढं, जिभेच्या टोकाला लागला तर ताक जास्त जुनं झालं. मागं, घशाजवळ लागला तर बरोबर. वर फेस धरला असेल तर मात्र चव बघायचीच नाही. ती फसफसली, ती जनावरांच्या पाण्यात ओतायची. लग्नानंतरची माझी पहिली आंबील अशीच गेली. मी इंग्रजी शाळेतून शिकून आलेली, तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी सून. आजोबा म्हणाले, "मास्तरीणबाई नापास." त्या दिवसापासून ते मला चेष्टेनं मास्तरीणबाई आणि 'तुमी' म्हणायला लागले. खरं काही बोलायचं असलं की 'तू'.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर आजोबांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. ती कशाची होती हे तुम्हाला आईनं सांगितलं आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी शेक द्यायचे ठरवले. किरणांच्या उपचारांना इकडे शेक म्हणतात. डॉक्टर भले होते, त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "गाठ आटोक्यात येईल अशी आशा करू. पण चव जाईल. काहींची काही महिन्यांनी परत येते, काहींची येत नाही." आजोबांनी विचारलं, "सगळीच?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक." आजोबांनी मान हलवली, जसं एखाद्या वावरात यंदा काही येणार नाही हे ऐकल्यावर हलवत. उपचार वेळ अमावास्येनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचे ठरले. तेवढी तारीख त्यांनी मागून घेतली होती.

मामानं त्या आधीच्या उन्हाळ्यात आपल्या ज्वारीची पोती पुण्याला नेली होती. भाकरीसाठी, असं आम्ही समजलो. त्यानं त्यातून एक बिअर केली होती आणि तिच्या दोन-तीन बाटल्या तो त्या अमावास्येला घेऊन आला. डॉक्टरांना त्यानं आधीच विचारलं होतं. चवीपुरता एक घोट चालेल, असं ते म्हणाले होते. गाडीतून उतरल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, आबांनी एकदा चव बघावी, बास. चांगली म्हणू देत, वाईट म्हणू देत. सोमवारनंतर त्यांना काहीच सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "तूच विचार. मी मध्ये पडले तर ते माझ्यासाठी पितील."

जेवणं झाली. आजोबा कोपीला टेकून बसले होते. गिळताना त्रास व्हायचा, पण त्या दिवशी आंबील ते दोनदा प्यायले. आंबील उत्तम जमली होती. मामानं पिशवीतून बाटली काढली. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर कोपीचंच चित्र होतं.

"हे काय?"

"आबा, आपली ज्वारी नेली होती ना, तिची आहे."

"ज्वारीची दारू?"

"बिअर. निम्मे जव आहेत त्यात. बेल्जियम म्हणून देश आहे, तिथले शेतकरी अशी करायचे. हिवाळ्यात करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतात कामाला येणाऱ्या गड्यांना प्यायला द्यायची. आपली आंबील असते ना, तशीच."

"गडी पिऊन काम करायचे?"

"हलकी असायची हो. पाण्यापेक्षा बरी म्हणून."

"मंग पाणी वंगाळ असंल त्यांच्याकडं."

आक्का म्हणाल्या, "पाजायची अन् मजुरी कमी द्यायची, दुसरं काय. इकडचे पाटील काय कमी हुते?"

आजोबा हसले. मला वाटलं, जमलं. मामालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं घाईनं टोपण काढलं. ती बाटली पुण्याहून गाडीत हेलकावत आली होती आणि रस्त्यापासून कोपीपर्यंत मोटरसायकलवर, ढेकळांमधून. टोपण उडालं आणि पांढरा फेस फसाफसा वर आला. तो त्याच्या हातावरून, मनगटावरून वाहत खाली मातीत पडला. काही शिंतोडे पूजेच्या खड्यांवर गेले.

"अगं बया, लक्ष्मीम्होरं सांडली की," आक्का म्हणाल्या आणि पदरानं खडे पुसायला लागल्या.

आजोबा फेसाकडे बघत होते. "फसफसली," ते म्हणाले.

"नाही आबा. ती हलली म्हणून. फेस असतोच हिला. फेस नसेल तर ती बिअरच नव्हे."

"जल्मभर चाखतोय म्या. फेस धरला की टाकायची."

"ती आंबील, आबा."

"तूच म्हणला की, आंबिलीसारखी हाय म्हणून."

मामानं तरी पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. आजोबांनी तो हातात घेतला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. फसफसलेली वस्तू तोंडाला लावायची नाही, हे त्यांच्या लेखी मीठ खारट असतं तितकं साधं होतं. वर त्यांना मुलाची दया आली असावी, कारण आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुढच्या येळवशीला बघू. चांगली जमवून आण."

पुढच्या वेळ अमावास्येला चव असणार नाही हे कोपीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोलून गेल्यावर त्यांनाही आठवलं. त्यांनी उपरणं झटकलं आणि हरभरा बघायला उठून गेले. आक्का भज्जीचं झाकण उगाच काढून परत ठेवत राहिल्या. मामानं पेल्यातली बिअर बांधावर ओतली आणि पेला आंबिलीच्या भांड्यांत न ठेवता वेगळा ठेवला. मला ते दिसलं.

सोमवारी आम्ही सोलापूरला गेलो.

त्या दोन महिन्यांचं मी फार लिहिणार नाही. शेक चालू असतानाच चव गेली. आधी गोड गेलं, मग खारट, शेवटी आंबट. दुधात कुस्करलेली भाकरी ते खायचे आणि म्हणायचे, "भिजलेल्या पुठ्ठ्यावानी लागतंय." मी एकदा वरणात मीठ घालायचं विसरले. त्यांनी ते निमूट खाल्लं. मी नंतर चाखलं तेव्हा कळलं, आणि मला स्वयंपाकघरात बसून राहावं लागलं. नवरा जेवताना नावं ठेवत नाही म्हणून बायकोला रडू यावं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

चैत्र संपत आला तेव्हा ते बरेच अशक्त पण स्वस्थ होते. नवी ज्वारी घरात येऊन पडली होती. मामा दर शनिवारी यायचा. तशा एका दुपारी भूकंपानंतर बांधलेल्या आपल्या घराच्या ओसरीवर, जिथं तुम्ही सापशिडी खेळायचात, आम्ही तिघं बसलो होतो. आजोबा अचानक म्हणाले, "त्या बाटल्या टाकल्या का रे?"

मामानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "एक ठेवली आहे. इथंच, कोठीत."

"खराब झाली असंल."

"ही ठेवली तर सुधारते, आबा."

"आण."

या वेळी त्यानं घाई केली नाही. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून गार केली. टोपण हळू काढलं, काचेचा पेला तिरपा धरून धारेनं ओतली. वर बोटभर फेस आला, पण तो तिथंच थांबला. आजोबा बघत होते. त्यांनी पेला हातात घेतला, उजेडाकडे धरला. मग नाकाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. शेवटी मी दिलेल्या चमच्यानं चमचाभर तोंडात घेतली, आणि आंबील चाखताना थांबायचे तसे थांबले.

मामा त्यांच्या घशाकडे बघत होता. मी अंगणाकडे.

"गार हाय," आजोबा म्हणाले. थोड्या वेळानं, "टोचतंय जरासं." मग बऱ्याच वेळानं, "बास. अजून काय न्हाय कळत."

मामा म्हणाला, "राहू दे आबा. काही बिघडत नाही."

आजोबांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "तू सांग," ते म्हणाले. मास्तरीणबाई म्हणाले नाहीत.

मी आयुष्यात कधी दारूला तोंड लावलेलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या घरात तिनं काय केलं ते मी पाहिलं होतं आणि माझं मत आजही बदललेलं नाही. तुम्ही मोठे होत आहात म्हणून हे मुद्दाम लिहिते. पण त्या ओसरीवर प्रश्न वेगळा होता. एका माणसाला त्याच्या मुलानं केलेल्या वस्तूची चव हवी होती आणि त्याच्याजवळ माझ्याशिवाय दुसरी जीभ नव्हती.

मी क्रमानं गेले. "रंग सुकलेल्या कडब्याचा आहे," मी म्हटलं. "जरा गढूळ."

"गढूळ व्हय? मला पण तसंच दिसलं. चालतंय का रे ते?"

"चालतं, आबा."

"वास संत्र्याच्या सालीचा आहे. आणि मिरी. मिरी घातली आहेस का?"

"नाही. ते यीस्टमुळे येतं," मामा म्हणाला.

"मिरी जरा जास्त झाली आहे," मी म्हटलं. "आता चव." मी घोट घेतला. आधी नुसतं टोचलं, डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घेतला. "गोड नाही. कडू आहे, पण कारल्यासारखी नाही, मेथीसारखी. घोट गेला की जीभ कोरडी होते आणि पुन्हा घ्यावीशी वाटते."

"आंबट हाय का?"

"आहे, थोडी."

"कुठं लागतंय? म्होरं का मागं?"

मी तिसरा घोट घेतला आणि त्यांच्यासारखी थांबले. "मागं."

"मंग बरूबर हाय," आजोबा म्हणाले. मामानं तेव्हा कुठं भिंतीला पाठ टेकवली.

मग आजोबांनी मला विचारलं, "ज्वारी लागती का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि मी त्याला भीत होते. मी पुन्हा चव घेतली. संत्रं होतं, मिरी होती, जव असेल ते होतं. ज्वारी मला कुठंच सापडत नव्हती. मामा माझ्याकडे बघत होता. 'लागते' म्हणाले असते तर दोघंही सुखी झाले असते, आणि पडताळून बघायला कुणी नव्हतं. पण ते माझ्या जिभेवर विसंबून बसले होते. मला ते जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "ज्वारी लागत नाही."

मामानं मान खाली घातली. आणि आजोबा हसले. उपचारानंतर त्यांना नीट हसता यायचं नाही, एक गाल तेवढा हलायचा.

"बघ," ते मामाला म्हणाले, "म्हंजी बाकीचं खरं सांगितलंय तिनं. तुझी आई कुणाला फुकटचे मार्क देत न्हाय. म्या पयल्या दिवसापास्नं बघतोय." मग काठी टेकत उठले. "थोडी घातली असशील तू. भिऊन घातली. यंदा जास्त ने."

कोठीत जाऊन त्यांनी स्वतः पोतं निवडलं. दाणे मुठीत घेऊन बघितले, एक दाताखाली फोडला. सवयीनं फोडला असावा, कारण त्याची चव काही त्यांना कळणार नव्हती. पोत्याचं तोंड त्यांनीच शिवलं. दाभणातून सुतळी दोनदा निसटली तरी मामाला हात लावू दिला नाही. गाडीत पोतं ठेवताना शेजारचे एक जण विचारायला आले, ज्वारी कुठं निघाली. मी आत होते, पण ऐकलं. आजोबा म्हणाले, "पोराच्या कारखान्याला. बिअर करतंय त्यो."

भाद्रपदात गाठ पुन्हा निघाली आणि आश्विनात ते गेले. तुम्हाला इतक्या लांबून येता आलं नाही. ते मनात ठेवू नका. आईनं फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितला होता आणि तुम्ही दोघं काय बोललात ते त्यांना कळलं. त्यांनी माझा हात दाबला होता.

त्या वर्षी आपल्याकडे वेळ अमावास्या नव्हती. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण करत नाहीत, म्हणून ताक साठवलं नाही, बिंदगं माळ्यावरून खाली काढलं नाही. पहाटे मला सवयीनं जाग आली आणि करायला काही नव्हतं. मामा आदल्या दिवशी आला होता. म्हणाला, "नुसते जाऊन येऊ." आम्ही दोघंच गेलो. शेजारच्या वावरांत कोप्या उभ्या होत्या, पूजा झाल्यावर पिकाला वेढा घालणाऱ्या लोकांचा तो ओळखीचा घोष चारी बाजूंनी येत होता. आपल्याच शेतात कुणी नव्हतं. ज्वारी मात्र दरवर्षीसारखी उभी होती.

शेजारच्या बाईंनी तांब्याभर आंबील आणून दिली. सण न करणाऱ्या घराला शेजारी देतात. मी तळहातावर घेतली. आंबट पुढं लागत होतं. मी छान झाली आहे म्हटलं आणि तांब्या परत दिला.

मग मामानं पिशवीतून नवी बाटली काढली. आजोबांनी शिवलेल्या पोत्यातल्या ज्वारीची. बांधावर बसून त्यानं ती हळू उघडली. मी बघितली, वास घेतला. मिरी कमी केली होती. घोट घेतला आणि थांबले. आधी संत्रं आलं, मग कडवटपणा, मग कोरडी जीभ. आणि सगळं संपल्यावर, श्वास सोडताना, सुगीत रात्रभर दव पडलेल्या कणसांना सकाळी येतो तो वास.

"लागते," मी म्हटलं.

"नक्की? का माझ्यासाठी म्हणतेस?"

"तुझ्यासाठी मी कधी म्हटलंय का?"

तो नाही म्हणाला आणि धरणाच्या दिशेला तोंड करून बसला. मी उरलेलं त्याच्या पाठीला सांगितलं. रंग, गढूळपणा, मेथीसारखा कडूपणा, आंबट मागं. सांगून झालं तरी मी वाट बघत होते. कसली ते मला थोड्या वेळानं कळलं. पुढं की मागं हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी आपणहून सांगितलं होतं. आणि 'मंग बरूबर हाय' असं म्हटल्याशिवाय ती चव पुरी होत नव्हती.

तेव्हा खरं ते एवढंच, की परीक्षक मी नव्हते. मी फक्त चाखून सांगत होते.